बेटावर न्यायचे आठ सिनेमे

समजा, तुम्हाला एखाद्या निर्जन बेटावर राहायला जायचं आहे. सोबत मोजकेच सिनेमे आणि मालिका नेता येतील. कोणत्या न्याल?

हा खेळ तसा जुना आहे. बीबीसी रेडिओवर १९४२ सालापासून असा एक कार्यक्रम चालू आहे. पाहुण्याला विचारतात, बेटावर कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका न्याल? बायबल आणि शेक्सपिअरचं लेखन त्याला आधीच दिलेलं असतं, ते आठात धरत नाहीत. यंदाच्या मे महिन्याच्या सुट्टीत तोच खेळ आमच्या आष्ट्याच्या घरात आला, फक्त गाण्यांऐवजी सिनेमे घेऊन. नियम आम्ही तसाच ठेवला. कुरआन शरीफ यादीत धरायचा नाही, तो सोबत असणारच. दुसरं पुस्तक म्हणून मुलांनी आमच्याकडे बघत शब्दकोश सुचवला. आम्ही दोघंही उर्दू शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे हा टोमणा ऐकून घ्यावा लागला.

खेळायला बसलो सहाजण. दादी, आम्ही दोघं, बारावीतली मुलगी, आठवीतला मुलगा आणि पुण्याहून सुट्टीवर आलेला पुतण्या. सातवे होते चाचा. ते सिनेमा बघत नाहीत. या मासिकाच्या वाचकांतही अशी घरं आहेत, त्यांचा आम्हाला आदर आहे. चाचांनी चहा पिता पिता आपलं मत दिलं, "बेटावर नमाज आहे, मासे आहेत. सिनेमा कायकू?"

चाचांना आम्ही इब्ने तुफैलची गोष्ट सांगितली. बाराव्या शतकातल्या या अंदलुसी विद्वानाने 'हय्य इब्ने यकजान' नावाची कथा लिहिली. 'रॉबिन्सन क्रुसो' छापला गेला १७१९ साली, म्हणजे त्याच्या पाचशेहून अधिक वर्षं आधी. हय्य हा मुलगा निर्जन बेटावर एका हरिणीच्या दुधावर वाढतो. ना उस्ताद, ना किताब. तारे बघत, झाडं-प्राणी निरखत, विचार करत तो आपल्या निर्मात्यापर्यंत पोचतो. "बघा, मी काय म्हणत होतो!" चाचा खूश झाले. पण गोष्ट तिथे संपत नाही. एवढं सगळं समजलेल्या हय्यला बोलता येत नव्हतं. शेजारच्या बेटावरून अबसाल नावाचा माणूस आला, त्याने एकेक वस्तू दाखवून शब्द शिकवले, तेव्हा कुठे हय्य बोलू लागला.

यातून आम्हाला यादीचा नियम मिळाला. जो सिनेमा संपल्यावर घरात बोलणं सुरू होतं, तोच न्यायचा. बघून गप्प झोपी जायचं असेल, तर त्याला जागा नाही.

पहिली जागा दादीला दिली. त्यात वाद नव्हता. 'मुगल-ए-आझम' १९६० साली आला, पण दादीने तो पाहिला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून. २००४ साली तो पूर्ण रंगीत होऊन पुन्हा लागला, तेव्हा आम्ही कौतुकाने तिला दाखवला. दादी म्हणाली, "रंग तर मी तेव्हाच बघितले होते." मुलांना अकबराचा राग येतो, दादीला जोधाबाईचं वाईट वाटतं. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला मुलगा. "तिला कोणी विचारलं का?" हा दादीचा सवाल आजही घरात चालू आहे.

दुसरी जागा मालिकेला. गुलजार यांची 'मिर्झा गालिब', दूरदर्शन, १९८८. नसीरुद्दीन शाह यांचा गालिब आणि जगजीत सिंग यांचा आवाज. त्या वेळी आम्ही शाळकरी होतो, अर्थ कळत नव्हता. पण आमच्या घरात जी दखनी बोलली जाते तिच्यापलीकडे उर्दूचं केवढं मोठं घर आहे, याचा पत्ता त्या मालिकेने दिला. आज वर्गात 'शेर' शिकवायची वेळ आली की मुलं आधी वाघाचंच नाव घेतात. अशा मुलांसाठी ही मालिका अजून कामाला येते.

तिसऱ्या जागेवर आमचा हट्ट चालला. 'संत तुकाराम', प्रभात फिल्म कंपनी, १९३६. पुतण्याने भुवया उंचावल्या. म्हणून त्याला दिग्दर्शकांची नावं वाचायला लावली. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. हे फत्तेलाल आपल्या कोल्हापूरजवळच्या कागलचे. मंडळी त्यांना साहेबमामा म्हणत. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली ते तयार झाले. कोल्हापुरात १९२९ साली प्रभात उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापकांपैकी ते एक होते. 'संत तुकाराम'चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला आणि मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. पुढे 'संत ज्ञानेश्वर'ही याच जोडीने केला. तुकोबांचं देहू महाराष्ट्राला पडद्यावर दाखवणाऱ्या दोघांतला एक आपल्यातला मराठी मुसलमान होता, ही गोष्ट आमच्या मुलांना कोणत्याही धड्यात भेटलेली नाही. बेटावर न्यायला आम्हाला एवढं कारण पुरे आहे. आणि सिनेमा म्हणून विचाराल तर, नवऱ्यावर चिडणारी, त्याच्या विठोबावर चिडणारी आणि तरीही संसार ओढणारी ती जिजाई बघून दादीने विचारलं होतं, "ही आपल्या गल्लीतली कोण गं?"

चौथा 'शेजारी', १९४१. प्रभातचाच, दिग्दर्शक व्ही. शांताराम. जिवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे दोस्त, बुद्धिबळाचा पट, गावाजवळचं धरण आणि दोघांत फूट पाडून आपला मतलब साधणारे बाहेरचे लोक. देशात फाळणीची भाषा सुरू झालेल्या दिवसांत हा सिनेमा आला. मराठीत जिवबा केशवराव दाते यांनी आणि मिर्झा गजानन जागीरदार यांनी केला. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत मिर्झा जागीरदारांचाच होता, पण हिंदू ठाकूरचं काम मझहर खान यांनी केलं. शेवटी धरण फुटतं आणि दोघे दोस्त एकमेकांचा हात धरून जातात. हा शेवट मुलाला पटत नाही. "मेल्यावर कशाला एक व्हायचं? आधी व्हायचं ना!" त्याच्या या बोलण्यावर चाचाही चहाचा कप ठेवून चर्चेत उतरले.

पाचवा 'गर्म हवा'. हा यादीत येण्याचं कारण २०१९ सालचा महापूर आहे.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. रस्ते बंद झाले आणि नदीकाठची गावं खरोखरीची बेटं झाली. वारणाकाठच्या एका गावातून आमची फुफी, तिची मुलं, सुना, नातवंडं आमच्याकडे आली. फुफी नावेत बसायलाच तयार नव्हती. घराच्या चौकटीला धरून बसली होती, मुलांनी अक्षरशः उचलून आणली. बकरी ईद १२ तारखेवर आली होती आणि घरात ईदचं नाव कोणी काढत नव्हतं. वीज गेली, मोबाइल मेले, टीव्ही नुसता भिंतीला टेकून उभा. मुलं रडकुंडीला आली, तेव्हा रात्री मेणबत्तीभोवती बसून आम्ही सिनेमे सांगायला लागलो. पहिल्या रात्री दादीने 'मुगल-ए-आझम' सांगितला. अर्ध्या तासात संपला, कारण तिने लढाई गाळली.

दुसऱ्या रात्री आम्ही 'गर्म हवा' सांगितला. एम. एस. सथ्यू यांचा १९७३चा सिनेमा, इस्मत चुगताई यांच्या कथेवरचा. फाळणीनंतर आग्र्यातला चपलांचा कारखानदार सलीम मिर्झा. त्याचे नातलग एकेक करून पाकिस्तानात जातात, तो जात नाही. बलराज साहनी यांनी तो उभा केला आणि सिनेमा लागायच्या आधीच ते गेले. त्यात मिर्झाची म्हातारी आई आहे. हवेली सोडायची वेळ येते, तेव्हा ती जळणाच्या कोठडीत लपून बसते.

इथवर गोष्ट आली आणि कोपऱ्यात पडून राहिलेली फुफी उठून बसली. चार दिवसांत ती धड बोलली नव्हती. "फिर?" तिने विचारलं. "लेके गए क्या उसकू घर?"

आम्ही सांगितलं, शेवटी नेलं. पालखीत बसवून तिच्या हवेलीत नेलं, तिने घर डोळे भरून बघितलं. त्यानंतरचं सांगितलं नाही. फुफी म्हणाली, "अच्छा किया." मग ती आपल्या घराबद्दल बोलायला लागली. कोणत्या खोलीत कोण जन्मलं, चौकट कोणत्या सुताराने केली, पाणी कुठवर आलं असेल. शेजारच्या काकू आमच्या ओट्यावर येऊन बसल्या होत्या, त्यांनी तिचा हात हातात घेतला. त्या रात्री ती पहिल्यांदा पोटभर जेवली. पाणी उतरल्यावर ती परत गेली. घराची एक भिंत पडली होती, पण चौकट जागेवर होती.

म्हणून यादी करताना मुलाने शंका काढली, की बेटावर वीज नसेल तर काय, तेव्हा आमच्याकडे उत्तर तयार होतं. सांगता येईल असाच सिनेमा न्यायचा.

सहावा मुलाचा. 'चिल्ड्रन ऑफ हेवन', इराणचे दिग्दर्शक मजीद मजीदी, १९९७. अलीच्या हातून बहिणीचे बूट हरवतात. घरी सांगायची सोय नाही, कारण अब्बांकडे पैसे नाहीत. मग एकाच जोडीत दोघांची शाळा चालते. ती सकाळी, तो दुपारी. शर्यतीत तिसऱ्या नंबरला बूट आहेत म्हणून अली तिसरा यायला धावतो आणि पहिला येतो. शाळेत हा सिनेमा दाखवला की पहिला आलेल्या अलीसाठी अख्खा वर्ग हळहळतो. फारसी कोणालाच कळत नाही, पण मधूनच 'किताब', 'दोस्त' असे शब्द कानावर पडले की मुलं एकमेकांकडे बघतात.

सातवा सर्वांचा. 'अशी ही बनवाबनवी', १९८८. त्याशिवाय मराठी घर बेटावर जाणार कसं? सगळे हसत असताना पुतण्या म्हणाला, "मला हा सिनेमा बघताना हसू येतं आणि माझी खोली आठवते." पुण्यात भाड्याची खोली शोधताना त्याला तीन ठिकाणी नकार मिळाला होता. फोनवर मराठी ऐकून "या की बघायला" म्हणाले आणि नाव सांगितल्यावर खोली अचानक भरली. सिनेमातल्या पोरांना निदान साड्या नेसून खोली मिळाली. "मी काय नेसू?" असं त्याने विचारलं आणि घर शांत झालं. मग दादी म्हणाली, "चौथी जागा मिळाली ना? तिथला मालक कोण होता ते सांग." तो मालक नाव ऐकून एवढंच म्हणाला होता, भाडं पाच तारखेच्या आत पाहिजे. त्या माणसाला त्या दिवशी आमच्या घरातून बऱ्याच दुवा मिळाल्या.

उरली आठवी जागा. सुचवण्या झाल्या. 'श्वास' आला, 'इक्बाल' आला. मुलगी इतका वेळ वहीत यादी लिहीत होती, तिने पेन खाली ठेवून विचारलं, "यात आपलं घर कुठंय?"

यादी पुन्हा वाचली. अकबराचा दरबार, गालिबची दिल्ली, आग्र्याची हवेली, इराणची गल्ली. उर्दू-हिंदीत आपण आहोत, पण नवाब किंवा शायर होऊन. मराठीत देहू आहे, पुणं आहे. त्यातल्या त्यात 'शेजारी'तला मिर्झा आपल्या जवळचा, त्यालाही ऐंशीहून अधिक वर्षं झाली. त्यानंतर कोणी आलंच नाही असं नाही. 'सैराट'मधला सल्या आहे, जिवाला जीव देणारा दोस्त, पण गोष्ट त्याची नाही. २०१७चा 'हलाल' घरात शिरला, पण तलाकचा प्रश्न घेऊन. काहीही प्रश्न नसताना, सहज, आमच्या दारात कॅमेरा थांबला असं फारसं होत नाही.

आम्हाला हवा असलेला सिनेमा साधा आहे. त्यात आई भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करते आणि मुलांना दखनीत रागावते. अब्बा उसाच्या बिलाची वाट बघतात. मुलगी वक्तृत्व स्पर्धेत पहिली येते आणि बक्षीस देणारे पाहुणे कौतुकाने म्हणतात, "तुम्ही मराठी किती छान बोलता!" हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. आपणही शुक्रिया म्हणतो. पण आपल्याच भाषेबद्दल पाहुण्यासारखी शाबासकी मिळाल्यावर घरी येईपर्यंत ती मुलगी काय विचार करत असेल, हे पडद्यावर बघायचं आहे.

मुलीने वहीत आठ आकडा लिहिला आणि पुढची ओळ रिकामी ठेवली. चाचांनी विचारलं, हा सिनेमा कोण काढणार? दादी म्हणाली, "तोपर्यंत सांगत राहा. पुरात नाही का सांगितले?"

वाचकहो, तुमच्या घरात एखाद्या रविवारी हा खेळ खेळून बघा. पहिली जागा घरातल्या सर्वांत वडील माणसाला द्या आणि त्यांनी तो सिनेमा कुठे, कोणासोबत पाहिला ते नक्की विचारा. तुमच्या यादीत आमच्या आठव्या जागेवर बसेल असं काही निघालं, तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा.