वालूरची बारव आणि आमची बुजवलेली विहीर

माझा थोरला पुतण्या तीन वर्षांपासून जपानात नोकरीला आहे. दिवाळीनंतर त्याने फोनवर दहा-बारा फोटो पाठवले. मला वाटले, डोंगर असतील, देवळे असतील. पाहतो तर गटाराची झाकणे! सुट्टीच्या दिवशी हा पठ्ठ्या आगगाडीने परगावी जातो, रस्त्यातली लोखंडी झाकणे हुडकतो आणि त्या गावचे जे खास खाणे असेल ते खाऊन संध्याकाळी परत येतो. मी फोनवर म्हणालो, "अरे, गटाराचे झाकण बघायला कोणी तिकीट काढतं का?"

"काका, बघा तर खरं," तो म्हणाला.

बघितले. ओसाका शहराच्या झाकणावर तिथला किल्ला आणि चेरीची फुले ओतीव कामात काढलेली. तिकडे १९८० नंतर गावोगाव गटारांची कामे निघाली, तेव्हा लोकांना त्या कामाचे अप्रूप वाटेना. म्हणून प्रत्येक गावाने आपली खूण झाकणावर घालायची, अशी टूम निघाली. कुठे फूल, कुठे मासा, कुठे डोंगर. २०१६ पासून त्या झाकणांची चित्रकार्डेही निघाली आहेत. कार्ड फुकट, पण ते घ्यायला त्या गावी जावे लागते. खाण्याचे विचारले तर म्हणाला, कोबी घातलेले जाड धिरडे. म्हणजे आपल्या चुलीपासून फार लांबचे नव्हे.

ही म्हणाली, "पोरगं तिकडं गावं बघतंय. तुम्ही तीस वर्षं गावं हिंडलात, पण पंचनाम्याशिवाय काही बघितलंत का?" बोलणे झोंबले, कारण खरे होते.

पौषातल्या एका रविवारी आम्ही दोघे पहाटेच मुदखेडहून गाडीत बसलो. नांदेड, पूर्णा, परभणी, मानवत रोड आणि मग सेलू. परभणी आली की मी खिडकीशी सरकतो. तिथल्या कृषी विद्यापीठात मी बी. एस्सी. झालो. सेलूला उतरून टपरीवर सुशीला खाल्ला. मुरमुऱ्यांचा हा प्रकार मराठवाड्याबाहेर कुणाला सांगितला तर आधी नावालाच हसतात. मग काळीपिवळीने वालूर गाठले.

वालूरची बारव मी नोकरीत असताना दोनदा जवळून गेलो असेन, पाहिली नव्हती. नेहमीच्या बारवेत पायऱ्या सरळ खाली उतरतात. इथे त्या भोवऱ्यासारख्या फिरत खाली जातात. वरून पाहिले तर पाण्यात खडा टाकल्यावर वलये उठतात तसे दिसते, फक्त ही वलये काळ्या दगडाची. जुन्या बारवांत दगडावर दगड असा बसवलेला असतो की मध्ये चुन्याची गरज पडत नाही. पाणी वर असो की तळाला, बाईमाणूस घागर घेऊन त्याच्यापर्यंत पोचणार. दोर नको, मोट नको. ही बारवही गाळाने, कचऱ्याने भरली होती. गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली. २०२२ साली टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रकार्डे काढली, त्यात वालूर आहे. जपानचे कार्ड मला तेव्हा आठवले.

मी खाली वाकून दगडाचे सांधे चाचपत होतो. एक म्हातारबाबा काठावर येऊन उभे राहिले. "काय बघायलाव साहेब? सर्वे हाय का?"

"नाही बाबा, नुसतं बघायला आलो."

"नुसतं?" त्यांना ते पटले नाही. ते हिच्याकडे वळले. "आमच्या आया हितूनच पाणी नेत. तुमच्या गावात हाय का बारव?"

ही माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, "होती."

आता ते सांगतो. आमच्या गावची बारव लहान, चौकोनी, एका कोनाड्यात गणपती. मी लहान असताना आजोबांच्या पोटरीतून नारू निघाला होता. दोऱ्यासारखा तो जंत रोज थोडा थोडा काडीला गुंडाळायचा. तुटला की पाय सुजून माणूस महिना महिना अंथरुणाला. नारूचा माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घाली, जंताची पिल्ले पाण्यात पडत, बारीक पाणपिसवा ती गिळत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात वर्षभराने नवा नारू तयार होई. म्हणून सरकारने नारू निर्मूलनाची मोहीम काढली. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली सापडला. मोहीम खरीच होती. पण सांगणे असे होते की पायऱ्या बंद करा, कठडा बांधा, रहाटाने पाणी काढा. विहीर बुजवा असे कोणी सांगितले नव्हते.

१९९४ साली गावात हातपंप आला आणि ग्रामसभेत बारवेचा विषय निघाला. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. गावातला पहिला कृषी पदवीधर म्हणून माझे मत विचारले. कठडा बांधायला खर्च येतो, मुरूम फुकट होता. मी म्हणालो, "नारूचं घर आहे, बुजवून टाका." आठ दिवसांत काम झाले. आजी तेवढी म्हणाली, "पाण्याला माती देऊ नये रे." मी तिला नारूच्या जंताचे आयुष्य समजावून सांगितले!

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आले, ते सगळ्यांनी वाचले असेल. त्या वर्षी आमच्या गावात टँकर यायचा, आणि तो उभा राहायचा बरोबर बुजवलेल्या बारवेवर, कारण तेवढीच जागा सपाट होती. मी ते पाहिले आणि कुणाला काही बोललो नाही.

वालूरच्या म्हातारबाबांना एवढे सगळे सांगितले नाही. त्यांनी आम्हाला आपल्या वावरात नेले. आगटी पेटलेली होती. गूळभेंडीची कणसे भाजून त्यांच्या सूनबाईंनी तळहातावर चोळली आणि गरम हुरडा पुढे केला. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. मागाहून ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. हिने येसरात धने किती घालतात ते विचारून घेतले. आमच्याकडे आता त्याच मापाने होते. पैसे विचारले तर बाबांना राग आला.

तिथून चारठाण्याला धावती भेट झाली. कोरीव उंच स्तंभ, जुनी देवळे, बारव, सगळे उतरत्या उन्हात पाहिले. त्यासाठी स्वतंत्र दिवस काढायला हवा होता.

परतीच्या गाडीत पूर्णा आल्यावर गावी धाकट्या भावाला फोन लावला. तो आता ग्रामपंचायतीत आहे. म्हणालो, "बारव पुन्हा उकरता येईल का? कोपऱ्याचे दगड कुठं आहेत ते मला आठवतं. पहिल्या दिवसाच्या ट्रॅक्टरचं डिझेल माझं."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, बुजवायला तूच सांगितलं होतंस."

"होय. म्हणून तर डिझेल माझं."

"बरं. पण माती-गाळ निघाला तर आधी माझ्या वावरात टाकायचा. ते आत्ताच ठरवून टाक."