पिकण्याची वाट

म्हसळ्यास आमच्या वडील आत्याबाई राहतात. पडवींत सूप घेऊन त्या तांदूळ निवडावयास बसल्या, कीं एकहि खडा त्यांच्या नजरेंतून सुटत नसे. पुढें आमच्या दांतांखालीं खडे येऊं लागले. आत्याबाईंना मोतीबिंदु झाला, असें घरांत सर्वानुमतें ठरलें. आणि तो पिकूं द्यावा, हेंहि त्याच बैठकींत ठरलें. भाताची लावणी आटोपली, कापणी आटोपली, शिमगा गेला. बिंदु कांहीं पिकेना.

या समजुतीस एके काळीं आधार होता. पूर्वीं डोळ्यांतील गढूळ झालेलें भिंग काढून टाकीत आणि रोग्यास जाड काचांचा चष्मा देत. थोडेंफार दिसत असतां हा सौदा परवडत नसे. परंतु १९४९ सालीं लंडनमध्यें हॅरोल्ड रिडले या नेत्रवैद्यानें काढलेल्या भिंगाच्या जागीं कृत्रिम भिंग बसविलें. युद्धांत फुटलेल्या विमानांच्या छताचे ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनहि डोळे चिडत नाहींत, हें त्यानें पाहिलें होतें. युक्ति सुचली ती त्यावरून. आतां वाट पाहण्यांत लाभ नाहीं. फार पिकलेला बिंदु कठीण होतो, आणि फुगल्यास डोळ्यांतील द्रवाची वाट अडवून आंतला दाब वाढवितो.

अखेर आत्याबाईंना मुंबईस नेलें. उजव्या डोळ्यांत मोतीबिंदु निघाला, डाव्यांत काचबिंदु. नांवें सख्ख्या भावांचीं, स्वभाव मात्र निराळे! मोतीबिंदूनें झांकलेली दृष्टि शस्त्रक्रियेनें परत मिळते; काचबिंदूंत मेंदूकडे जाणारी नसच सुकते, आणि गेलें तें गेलें. थेंब घालून उरलेलें तेवढें राखावयाचें. हा रोग बहुधा दुखत नाहीं. कडेची दृष्टि आधीं नेतो, मधली ठेवतो, म्हणून पत्ता लागत नाहीं. दोन वर्षें आत्याबाई डाव्या खांद्यानें चौकटीस आपटत होत्या, आणि आम्ही 'लक्ष कुठें असतें?' म्हणून हंसत होतों.

काचबिंदु रक्ताच्या नात्यांत उतरतो. त्याच दिवशीं आम्हीं आपलाहि दाब मोजून घेतला, नस तपासून घेतली. चष्म्याच्या दुकानांत अक्षरें वाचून हें काम होत नाहीं. चाळिशीनंतर तें डॉक्टरांकडेच करावें लागतें.

भाताचेंहि सांगितलें पाहिजे. कापणींत पातें डोळ्यास लागलें, कीं कोणी मध घालतो, कोणी शेजाऱ्याकडचे उरलेले थेंब. ओरखडलेल्या बुबुळावर बुरशी धरते. थेंबांत स्टेरॉइड असलें तर ती फोफावते. पण हें गांवांत सांगूं जावें, तर शहरवासी शहाणा म्हणून आमचीच थट्टा होते.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया उरकून आत्याबाई घरीं परतल्या. दिवस भरले, आणि त्यांनीं सूप मागितलें. थोड्या वेळानें एक बारीक खडा चिमटींत धरून त्यांनीं आम्हांस दाखविला. आम्ही डाव्या अंगास बसलों होतों, म्हणून त्यांना सारें अंग वळवावें लागलें.

"अरे, इकडे उजवीकडे बैस," त्या म्हणाल्या.