सड्यावरचं विजेचं गणित

९ फेब्रुवारी, कशेळी
उजाडतानाच सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर पोचले. कातळशिल्पाच्या रेषा कोवळ्या, तिरप्या उन्हातच उठून दिसतात. ऊन डोक्यावर आलं की सगळा कातळ सपाट भासतो. इथला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात मासे, जनावरं कोरलेली आहेत. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली कोकणातली जी कातळशिल्पं गेली, त्यांत हे एक. ड्रोनने काढलेले फोटो मी जागेवरच लॅपटॉपवर जुळवून बघते. एखादी पट्टी सुटल्याचं घरी कळलं तर पुन्हा एक पहाट खर्ची पडते.

जुळवणीला बसलं की लॅपटॉप तासाभरात मान टाकतो. सड्यावर ना झाड, ना विजेचा खांब. म्हणून गाडीच्या लायटर सॉकेटला १५० वॅटचा इन्व्हर्टर लावला, इंजिन बंदच होतं. थोड्या वेळात सगळं गप्प.

त्याच रात्री, राजापूर
इलेक्ट्रिशियनने लायटर सॉकेटचा १० अँपिअरचा फ्यूज काढून उजेडात धरला. आतली पट्टी वितळली होती. मी म्हटलं, वीसचा टाका.
"ताई, वायर तीच राहणार ना? मग फ्यूज वाचेल आणि वायर जळेल."
त्याने दहाचाच टाकला. तो बरोबर होता.

गणित मी आधी करायला हवं होतं. माझा चार्जर १३० वॅटचा. १३० भागिले १२ व्होल्ट म्हणजे जवळपास ११ अँपिअर. शिवाय इन्व्हर्टर बाराचे २३० व्होल्ट करतो आणि चार्जर त्या २३०चे पुन्हा साडेएकोणीस. या उलटसुलट प्रवासात दोन्हीकडे वीज उष्णता होऊन जाते. बॅटरीतून तेराच्या आसपास अँपिअर ओढले जात होते.

१० फेब्रुवारी
पुन्हा सड्यावर. आज जुळवणी नाही, फक्त फोटो लॅपटॉपवर उतरवायचे आणि चार्जिंग करायचं ठरवलं. फ्यूज टिकला. तीन तासांनी सेल्फ मारला तर नुसतं टकटक.

गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. तीन तासांत वीसच्या आसपास गेले. ही बॅटरी इंजिन फिरवायला दोन-चार सेकंद जोराचा करंट द्यावा, म्हणून बनवलेली असते. तासन् तास रिती करत राहिलं तर ती लवकर मरते. भरलेली असताना ती १२.६ व्होल्ट दाखवते. ती साडेदहापर्यंत उतरल्यावर इन्व्हर्टर बंद पडतो, पण गाडी त्याच्या खूप आधी हात टेकते. इन्व्हर्टर आपल्याला वेळेत थांबवेल हा भरवसा चुकीचा होता.

आंब्याच्या बागेतला पिकअप मदतीला आला. बागवाले काका म्हणाले, "ट्रक आला असता तरी लावू नको म्हटलं असतं. त्याचे चोवीस व्होल्ट." लाल केबल प्लसला प्लस, काळी त्यांच्या मायनसला, आणि काळीचं दुसरं टोक माझ्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीजवळ वायू साठलेला असू शकतो, ठिणगी तिथे नको.

१३ फेब्रुवारी, रत्नागिरी
इन्व्हर्टर घरी ठेवला. गाडीत लावायचा टाइप-सी चार्जर आणला, लॅपटॉपसाठी २० व्होल्ट देणारा. बाराचे थेट वीस होतात, २३०चा वळसा वाचतो. घेताना मोबाइलचा १५-२० वॅटचा हातात येऊ शकतो; त्यावर लॅपटॉप बहुधा चार्जच होत नाही, झालाच तर रांगत. माझा लॅपटॉप टाइप-सीवरून ६५ वॅट घेतो. केबलही तेवढं पेलणारी लागते.

आणि चार्जिंग करायचं ते रस्त्यात. इंजिन चालू असलं की अल्टरनेटर चौदा व्होल्टच्या आसपास देतो, बॅटरीवर भार येत नाही. सड्यावर उभ्या गाडीचं इंजिन घुमवत बसणं मला पटत नाही. बंद गॅरेजात तर कधीच करू नये, तिथे धूर जीव घेतो.

१५ फेब्रुवारी, कशेळी
पावस, पूर्णगडमार्गे तासाभरात आले. निघताना लॅपटॉप २० टक्क्यांवर होता, पोचताना ९०च्या पुढे. तो मिटवून सीटखाली सावलीत ठेवला होता. काचा बंद केलेल्या गाडीत, उन्हात चार्ज केला तर त्याची बॅटरी फुगू शकते.

जागेवर सगळं जुळवलं नाही. फोटोंची फक्त हलकी, ढोबळ जुळणी केली. पूर्ण काम रात्री घरच्या विजेवर. हत्तीच्या मागच्या पायाकडे एक पट्टी सुटलेली दिसली. ऊन अजून तिरपं होतं. ड्रोन पुन्हा उडवला आणि पट्टी भरून काढली.

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.