हरारचा पाहुणा, चाकणचा हबशी

आमच्या माडीवरच्या खोलीत हरारचा विद्यार्थी राहतो. हरार म्हणजे पूर्व इथिओपियातले जुने तटबंदीचे शहर: पाच वेशी, अरुंद बोळ, तटाच्या आत ऐंशीहून अधिक मशिदी आणि बाजारात कॉफीचा व्यापार. २००६ पासून ते युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. तिथल्या तीनचाकी रिक्षेला लोक सरळ 'बजाज' म्हणतात. आकुर्डीच्या कंपनीचे नाव तिकडे वाहनाचेच नाव झाले, हे ऐकून आमची मुले खूप हसली.

खोली देण्याआधी मोहल्ल्यात कुजबुज झाली. "हबश्याला कशाला ठेवता? कटकट होईल." बोलणाऱ्यांपैकी दोघांना पूर्वी चिंचवडमध्ये नावावरून घर नाकारले गेले होते. आपण मुलाचे नाव हौसेने बिलाल ठेवतो. हजरत बिलाल (रजि.) हबशीच होते.

आणि हबशी इकडे नवे नाहीत. चाकणच्या संग्रामदुर्गात १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने रोखले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण इंग्रजी अमलातल्या पुणे जिल्हा गॅझेटियरने एक जुनी समजूतही नोंदवली आहे: इथली मूळ तटबंदी १२९५ मध्ये एका हबशी सरदाराने उभारली. समजूतच ती, पण कुणाला तरी जपावीशी वाटली.

मलिक अंबरचे मात्र पक्के आहे. इथिओपियात जन्म, लहानपणी गुलाम म्हणून विक्री, बगदादमार्गे दख्खन, आणि शेवटी निजामशाहीचा कारभार. पुणे-चाकणचा मुलूख तेव्हा निजामशाहीतच मोडत होता. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. शहराला नहरीचे पाणी आणले. साऱ्याची वसुली मक्तेदारांकडून काढून जमीन नि पीक पाहून ठरवली. १६२६ मध्ये तो वारला, कबर खुलताबादला आहे. आमच्या पाहुण्याला हे नावच माहीत नव्हते! आम्ही त्याला खुलताबादला घेऊन गेलो. फातिहा पढून तो बराच वेळ गप्प उभा होता.

दर जुम्याला तो घरी कॉफी करतो. बी तव्यावर भाजून, कुटून, मातीच्या सुरईत उकळायची, लोबान जाळायचा, तीन फेऱ्या झाल्याशिवाय कुणी उठायचे नाही. परवा कुजबुजणाऱ्यांपैकी एक काका वर आले. दुसरी फेरी होईपर्यंत चाकणच्या कांद्याच्या भावावर बोलले, तिसऱ्या फेरीला म्हणाले, "साखर जरा जास्त घाल, बेटा."