हुडकेश्वरची दिवेलागण

नागपूरच्या दक्षिणेस, उमरेड रस्त्याच्या अलीकडे, हुडकेश्वर नांवाचें एक जुनें खेडें आहे. किंवा होतें, असें म्हणणें अधिक बरोबर. रिंग रोडवरील म्हाळगीनगरचा चौक ओलांडून हुडकेश्वर रस्त्यास लागलें कीं औषधांचीं दुकानें, शिकवण्यांच्या पाट्या आणि नव्या सदनिकांच्या जाहिराती यांची रांग लागते, आणि शहर कोठें संपलें व खेडें कोठें सुरू झालें हें सांगणें कठीण होतें. अलीकडच्या वर्षांत तें महापालिकेच्या हद्दींतहि आलें. गांवाच्या नांवाचा विग्रह करण्याचा मोह आमच्यासारख्या संस्कृत शिकविणारास आवरत नाहीं. ग्रामनामांच्या व्युत्पत्तीचा अधिकार आमचा नव्हे. तथापि ‘हुडकणारांचा ईश्वर’ असा विग्रह आम्हीं गमतीनें केला, आणि ज्या कामासाठीं आम्ही तेथें गेलों होतों त्यास तो चांगलाच लागू पडला.

तें काम असें. आमचा एक जुना विद्यार्थी या रस्त्यावर घर बांधून राहिला आहे. बँकेंत चांगल्या हुद्द्यावर आहे. परंतु नाद विलक्षण. जुन्या रेडिओंतील व्हॉल्व्ह तो जमवितो. नाणीं, टपालाचीं तिकिटें, पोथ्या जमविणारीं माणसें वाचकांच्या परिचयाचीं आहेत. कांचेच्या निकामी दिसणाऱ्या नळ्या कापसांत गुंडाळून ठेवणारा मनुष्य आम्हीं तरी प्रथमच पाहिला. त्याच्या गल्लींत एक वृद्ध बाई राहतात. त्यांचे यजमान आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करीत, आणि गणेशोत्सवांत मंडपांतील कर्णे व त्यांचे अँप्लिफायर सांभाळीत. ते गेल्यावर लांकडी पेटीभर व्हॉल्व्ह मागें राहिले. त्या पेटीस मुंबईकडील एका व्यापाऱ्यानें एकरकमी पांच हजार रुपये देऊं केले होते. नातीच्या कॉलेजच्या फीची मुदत जवळ आली होती. बाईंनीं आमच्या विद्यार्थ्यास विचारलें, देऊं का? आणि विद्यार्थी आमच्याकडे महालांत आला. म्हणाला, “सर, तुम्ही सोबत या. घेणाराहि मीच आणि मोल सांगणाराहि मीच, हें बरें दिसत नाहीं.”

तरुण वाचकांसाठीं येथें थोडा खुलासा केला पाहिजे. व्हॉल्व्ह म्हणजे आंतील हवा काढून घेतलेली कांचेची नळी. तींत एक तार तापते. त्या उष्णतेनें भोंवतालच्या लेपांतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पलीकडच्या पत्र्याकडे ओढले जातात. वाटेंत बारीक तारेची जाळी असते. त्या जाळीवर गाण्याची क्षीण विद्युत् सोडली कीं ती मुख्य प्रवाहास क्षणोक्षणीं कमीअधिक अडविते, आणि क्षीणाचें बलवान् होतें. फ्लेमिंग यांनीं १९०४ सालीं दोन अग्रांची नळी केली. ली डी फॉरेस्ट यांनीं लवकरच तींत जाळी बसविली, आणि पुढें अर्धें शतक सर्व जगाचा रेडिओ या कांचेंतून बोलला. नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें तें याच युगांत. आमच्या लहानपणीं बटण फिरविल्यावर आवाज येण्यास अर्धें मिनिट तरी लागे, आणि तेवढा वेळ घरांतील मंडळी देवापुढें बसावें तशी गप्प बसत. रेडिओचें लायसेन्स पोस्टांत जाऊन नवें करून आणावें लागे, हें आज सांगितलें तर नातवंडें हंसतात.

आपल्या देशांत बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यानें १९६१ सालीं रेडिओचे व्हॉल्व्ह करण्यास आरंभ केला. आणि पुढच्याच वर्षीं तेथें जर्मेनियमचे अर्धवाहक घटक होऊं लागले. म्हणजे मुलाचें बारसें होतें न होतें तोंच त्यास बेदखल करणारा दायाद घरांत जन्मला. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन या देशांत होतात. जुन्यांचें उत्पादन संपलें, म्हणून त्यांस मोल आलें.

बाईंनीं पेटी ओसरीवर आणून ठेवली. “हे गेले तेव्हापासून उघडलीच नाही जी, गुरुजी,” एवढेंच म्हणाल्या आणि चहा करण्यास आंत गेल्या.

पेटी उघडली तों आम्हांस खरी गोडी लागली ती नांवांची. युरोपीय व्हॉल्व्हांचीं नांवें हें एक लहानसें व्याकरणच आहे. पाणिनीच्या सूत्रांतील एकेका अनुबंधास जसा नेमलेला अर्थ, तसा येथें एकेका अक्षरास. आरंभीं ‘ई’ असेल तर आंतील तार ६.३ व्होल्टची. ‘सी’ म्हणजे तीन अग्रांची नळी. दोन ‘सी’ म्हणजे एकाच कांचेंत तशा दोन. ‘एल’ म्हणजे कर्णा हालविणारी बलवान् पांच अग्रांची नळी. ‘झेड’ म्हणजे उलटसुलट वीज एकदिश करणारी. पुढील आंकडा ८ असला कीं बुडाशीं नऊ बारीक पिना. ३ असला कीं आठ पिनांची रुंद बैठक. ‘ईसीसी ८३’ वाचलें कीं विग्रह आपोआप होतो. आम्ही दहा मिनिटांत समास सोडवूं लागलों, आणि आमच्या विद्यार्थ्यास ज्या समासांनीं शाळेंत रडविलें होतें त्यांचा सूड त्यानें या ओसरीवर घेतला. ‘पी’ नें आरंभ होणारे व्हॉल्व्ह मात्र त्यानें हातहि न लावतां बाजूस सारले. ते जुन्या दूरदर्शनसंचांतले. त्यांच्या तारा ३०० मिलिअँपियरच्या एका माळेंत ओंवण्यासाठीं केलेल्या. गाण्याचे अँप्लिफायर करणारांस त्यांतले फारच थोडे लागतात.

परंतु नांवाने सर्व उलगडा होत नाहीं. एकच ईसीसी ८३ घ्या: एक शंभर-दोनशें रुपयांस पडून राहतो, दुसऱ्यास परदेशांत कित्येक हजार मिळतात. कांचेवर छापलेल्या कंपनीच्या नांवावर विश्वास ठेवावा तर कंपन्या परस्परांचा माल घेऊन त्यावर आपला शिक्का मारीत. शिवाय तीं अक्षरें बोटानें पुसलीं जातात, आणि पुसलेल्या जागीं नवीं छापणारेहि आहेत. खरें कुळ आंत पाहावयाचें. टेलिफुंकेन या जर्मन कंपनीच्या कित्येक व्हॉल्व्हांच्या बुडाशीं पिनांच्या मध्यें कांचेंतच उठविलेली शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असते. इंग्लंडांतील मलार्डच्या ब्लॅकबर्न कारखान्याचा माल कांचेवर आम्लानें कोरलेल्या सांकेतिक अक्षरांतील ‘बी’ वरून ओळखतात. शेंड्याजवळ चांदीसारखी चकाकी असते ती बेरियमची. उरलीसुरली हवा शोषून घेणें हें तिचें काम. ती दुधासारखी पांढरी झाली कीं समजावें, नळीस चीर गेली, प्राण गेला.

नव्या कोऱ्या खोक्यांचेंहि तसेंच. दुरुस्ती करणारे नवा व्हॉल्व्ह बसवून काढलेला जुना त्याच खोक्यांत घालून ठेवीत. या गृहस्थांनीं मात्र अशा प्रत्येक खोक्यावर पेन्सिलीनें ‘गेला’ असें लिहून ठेविलें होतें. त्या दोन अक्षरांमुळें आमचें अर्धें काम वांचलें, आणि त्या न पाहिलेल्या माणसाविषयीं आम्हांस मोठा आदर वाटला.

उरलेले व्हॉल्व्ह विद्यार्थ्यानें आपल्या घरीं परीक्षायंत्रावर लावून पाहिले. जाळीवरील एका व्होल्टच्या फरकानें पत्र्याकडील प्रवाह किती मिलिअँपियर बदलतो, हें त्यांत मोजतात. नव्या ईएल ८४ चा आंकडा सुमारें ११ असतो. ज्यांचे आंकडे जुळतात त्यांची जोडी सुट्यांपेक्षां महाग. मग पेन्सिलीनें हलकेंच टिचकी मारून पाहावयाचें; कर्ण्यांतून घंटेसारखा नाद आला कीं तो व्हॉल्व्ह गाण्यास नालायक.

तिन्हीसांजा झाल्या होत्या. विद्यार्थ्यानें स्वतः बांधलेला अँप्लिफायर लावला, खोलींतला दिवा मालवला, आणि त्या नळ्या एकेक करून नारिंगी उजळल्या. हिराबाई बडोदेकरांची जुनी रेकॉर्ड होती. एका ईएल ८४ चा ध्वनि पांच-सहा वॉटच. परंतु दिवाणखान्यास तेवढा भरपूर. गोडवा होता यांत संशय नाहीं. पदार्थविज्ञानवाले म्हणतात कीं हा गोडवा म्हणजे व्हॉल्व्हनें पदरचा मिसळलेला, मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा स्वर. म्हणजे एक प्रकारचा दोषच. असेल. मग त्यानें आधीं बंगळूरचे आणि नंतर हॉलंडचे व्हॉल्व्ह बसवून फरक विचारला. तो सांगेल तेथें आम्ही मान हालविली. तथापि आमच्या कानांस दहापट किंमतीचा फरक कांहीं ऐकूं आला नाहीं, आणि आमचें मत असें कीं त्या किंमतींतला मोठा भाग कान देत नसून दुर्मिळता देते.

दूरदर्शनच्या व्हॉल्व्हांतच कागदी पुडींत बांधलेले दोन ईसीसी ८३ निघाले होते. दोहोंच्या बुडाशीं ती शंकरपाळ्याची खूण, यंत्रावर दोन्हीं नव्यासारखे. अशी जोडी आमचा विद्यार्थी अकरा वर्षें हुडकीत होता. पुडी त्यानें हातांत धरली आणि बराच वेळ खालीं ठेविली नाहीं. काकूंस त्यांतलें कांहींच कळत नव्हतें. पांच हजारांत ती पुडीहि जाणारच होती. शांतिपर्वांत तुलाधार वाण्याची कथा आहे. ज्याचा तराजू सर्वांस सारखा, त्याच्याकडे तपस्वी जाजलीस धर्म शिकण्यासाठीं जावें लागलें. ती आम्हीं अनेक वर्षें वर्गांत सांगितली होती. त्या सायंकाळीं मात्र आम्हीं तोंड उघडलें नाहीं. विद्यार्थ्यानें वही घेतली आणि पहिल्या ओळींत त्याच पुडीचें मोल लिहिलें, परदेशांत चालतें तेवढें, एक पैसा कमी न करितां. बाकीची यादी रात्रीं दहापर्यंत पुरली. एकूण आंकडा व्यापाऱ्याच्या रकमेच्या आठपट झाला.

“एवढे?” काकूंनीं विचारलें. “अन् हे म्हणत होते, कबाडात जाईल सारं.”

यादीच्या दोन प्रती केल्या. एक काकूंच्या देव्हाऱ्यापाशीं, एक आमच्याकडे. पुढच्या आठवड्यांत व्यापारी आला तेव्हां त्याच्यापुढें यादीच ठेविली. त्यानें ती दोनदां वाचली, पाणी मागितलें, घासाघीस करून चवथा हिस्सा कमी केला, आणि रोख पैसे मोजून मंडपांच्या अँप्लिफायरमधील ईएल ३४ व रेडिओचे सर्व व्हॉल्व्ह घेऊन गेला. व्यापाऱ्यास नफा सुटलाच पाहिजे. आम्हांस तो दर अन्यायाचा वाटला नाहीं. पुडी विद्यार्थ्यानें यादींतील किंमतीस दोन हप्त्यांनीं घेतली. फी मुदतीच्या आंत भरली गेली. यजमानांच्या स्वतःच्या रेडिओंतील व्हॉल्व्हांना काकूंनीं कोणास हात लावूं दिला नाहीं.

‘पी’ चे बेचाळीस व्हॉल्व्ह अद्याप पेटींत आहेत. व्यापाऱ्यानें ते फुकटहि नेले नाहींत. कोणा वाचकाकडे व्हॉल्व्हचा कृष्णधवल दूरदर्शनसंच दुरुस्तीविना पडला असल्यास त्यानें संपादकांमार्फत आम्हांस कळवावें. काकू म्हणतात, टपालखर्च दिला म्हणजे झालें.