गिलावा झाला, रंग कधी?

मे महिन्यात आमचा हॉल राखाडी रंगवून झाला, त्याच संध्याकाळी समोरच्या काकू पन्हं घेऊन आल्या. चारी भिंतींवरून नजर फिरवून त्यांनी अगदी मनापासून विचारलं, “गिलावा छान गुळगुळीत झालाय गं. रंग कधी लावणार?”

काकूंचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे करडी भिंत म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. पैसे संपले, आता दिवाळीला बघू, असा त्या रंगाचा अर्थ. मी मात्र तो शेडकार्ड चाळून, चांगले पैसे मोजून आणला होता.

हे खूळ ठाण्याहून आलं. घोडबंदर रोडला नणंदेनं फ्लॅट घेतला. सतरावा मजला, हॉलला जमिनीपासून छतापर्यंत काच. राखाडी भिंतीपुढे एकच हळदी खुर्ची, आणि दिवसभर भरपूर उजेड. परतीच्या लोकलमध्ये कळवा येईपर्यंत मी मनातल्या मनात आमच्या हॉलला दोन हात मारूनही झाले होते. आमचं घर डोंबिवली पूर्वेला, जुन्या बिल्डिंगीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून हात लांब केला तर शेजारच्या बिल्डिंगीतला वाळत घातलेला टॉवेल काढता येईल. हे काही तेव्हा आठवलं नाही.

रंगारीमामा कल्याणहून यायचे. पोपडे खरवडले, पुट्टी भरली, घासली, प्रायमर मारला. डबा उघडून काठीनं ढवळताना म्हणाले, “ताई, यात निळं जास्त आहे. फूटभर पट्टा मारतो, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बघा.” मला कुठला धीर! मारा म्हटलं.

सासूबाईंना मी आधी सांगितलं होतं, पारवा रंग देतोय. त्यांनी चष्मा लावून भिंत पाहिली. “हा पारवा नव्हे. पारव्यात ऊब असते. माझं एक लुगडं होतं तसलं. हा राखाडी. आणि पारवेच हवे होते तर खिडकीत कमी आहेत का?”

मे महिना निभावला. खरी परीक्षा जुलैत झाली. आभाळ करडं, समोरची पावसानं काळवंडलेली भिंत करडी, त्यात आमची भर. दुपारी तीनला दिवे लावावे लागत, आणि पांढऱ्या ट्यूबखाली भिंत बर्फाच्या लादीसारखी निळी पडे. सोफ्यावर बसलं की उगाच शाल घ्यावीशी वाटे.

मग मी बाजारात गेले आणि सेलमधली उशीकव्हरं उचलली. अबोली, मोरपंखी, डाळिंबी, गुलबक्षी. घरी मांडली तर नवरात्रातले नऊ रंग एकाच दिवशी आल्यासारखं झालं. तसं डोंबिवलीकरांना रंगाचं अप्रूप नाही. जानेवारी २०१४मध्ये आमच्याकडे हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली आणि फेब्रुवारी २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्री तो पाहायला आले. त्यापुढे माझी उशीकव्हरं काय! तरी ती चार दिवसांत भाचीला देऊन टाकली.

शेवटी मामांनाच फोन केला. पांढऱ्यात नुसतं काळं पडलं की राखाडी निळ्याकडे झुकतो, हे त्यांनी शांतपणे पुन्हा सांगितलं, ‘मी म्हटलं होतं’ असं न म्हणता. आधी दिवे बदलायला लावले. खोक्यावर ६५०० केल्विन असेल तर उजेड निळसर पांढरा, ३००० असेल तर पिवळसर. मी आजवर फक्त वॉट बघत आले होते. तीन दिवे बदलले आणि अर्धं दुखणं तिथेच गेलं. मग एका छोट्या डब्यात उरलेला रंग घेऊन त्यांनी पिवळ्या स्टेनरचे थेंब टाकले, तांबड्याचा जेमतेम एक. आधी पट्टा. या वेळी मी दोन नाही, चार दिवस पाहिला. मग खिडकीसमोरच्या भिंतीला त्याचा एक हात दिला.

आता उठावाचा रंग कुठला, यावर घरात चर्चा चालू असताना सासूबाईंनी माळ्यावरून पितळी घागर काढायला लावली. पूर्वी त्या चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसायच्या. आता ठाण्याची पितांबरी. दोन्ही हात काळेहिरवे झाले, आणि घागरीच्या गळ्याखालचे ठोके एकेक करून उघडे पडायला लागले. प्रत्येक ठोक्यात दिव्याचा एक पिवळा कण. ती भिंतीपुढे ठेवली तेव्हा मागच्या राखाडीवर मंद पिवळी झाक पडली. शेडकार्डात ती शोधून सापडली नसती. सोबत हळदी रंगाचा एक पडदा लावला, बस. लाल फुलदाणी मी दोनदा ठेवून पाहिली आणि दोनदा उचलली.

माझं मत विचाराल तर काकू निम्म्या बरोबर होत्या. एकटा राखाडी खरंच गिलाव्यासारखा दिसतो. तुमचं घर असं दोन बिल्डिंगांच्या फटीत असेल तर दुकानातल्या उजेडावर जाऊ नका. पट्टा मारा आणि पावसातल्या दुपारी, आपल्याच दिव्याखाली बघा. माझ्याकडे तो पहिला, निळसर रंग अजून दीड लिटर उरलाय. पट्ट्यापुरता हवा असेल तर डबा घेऊन या.