नेमकं दुखतंय कुठे?

आमचा मुलगा सोन्या अकरा वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे, त्याला फिट्स येतात आणि बद्धकोष्ठ तर पाचवीलाच पुजलेलं. स्वमग्नतेशी आमचं जमलंय. जड जातं ते वेगळंच: त्याला काहीही झालं की लोक ते स्वमग्नतेच्या खात्यावर मांडून मोकळे होतात. डॉक्टरसुद्धा.

सहाव्या वर्षी तो जेवताजेवता मध्येच थांबायला लागला. नजर भिंतीवर, ओठांची चाळवाचाळव, हातातला घास हातातच. 'आपल्याच विश्वात असतात ही मुलं,' असं एका तज्ज्ञांनी समजावलं. पण तंद्रीतला सोन्या मला ठाऊक होता. कितीही वेळ पंख्याकडे बघत बसलेला असो, कुरड्यांच्या डब्याचं झाकण वाजलं की वळायचाच. या थांबण्यात मात्र डबा वाजवा, गुदगुल्या करा, तो हलायचा नाही; नंतर गळून झोपून जायचा. शेवटी मी मोबाइलवर व्हिडिओ काढले. मेंदूविकारतज्ज्ञांनी ते पाहिले आणि ईईजी लिहून दिला.

ईईजीची तयारी घरच्या लग्नासारखी. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवायचं, पहाटे उठवायचं, म्हणजे तपासताना झोप लागते. डोकं धुतलेलं हवं, तेलाचा थेंब नको. इथेच सगळं अडलं. सासूबाई रोज सकाळी त्याच्या डोक्याला खोबरेल तेल लावतात. तेलाशिवाय तो शर्ट घालू देत नाही. मग त्यांनीच काही दिवस आधीपासून तेल टाळूवरून तळपायांवर नेलं. पहिल्या मोठ्या फिटच्या वेळी याच सासूबाई कांदा फोडून धावत आल्या होत्या. आता कालनिर्णयच्या मागे त्यांच्याच अक्षरात लिहिलंय: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटं झाली की नाकात स्प्रे आणि दवाखाना.

फिट्सवरचं औषध म्हणजे व्हॅल्प्रोएटचं सिरप. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली की वास बदलतो आणि तोंड बंद. गोळी दह्यातून द्यावी, तर सावकाश विरघळणारी गोळी कुटायची नसते. राष्ट्रीय न्यासाची एक लाखाची 'निरामय' विमा योजना आहे, तिचा थोडा हातभार लागतो. कागद जमवायला चिकाटी हवी, एवढंच.

गेल्या वर्षी रात्री तो उशीवर, मग भिंतीवर डोकं आपटायला लागला. 'वर्तनसमस्या,' एका ठिकाणी निदान झालं आणि शांत राहिला तर स्टिकर द्या, असा सल्ला मिळाला. तो खातो ते पोहे, भात, भाकरीचा पापुद्रा. भाजी बघूनच उठतो. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी पोटावरून हात फिरवला, तर आतडं खड्यांनी भरलेलं. पोट साफ व्हायला लागलं तसं आपटणं थांबलं. स्टिकरांचं पाकीट अजून तसंच पडून आहे.

तेव्हापासून नव्या डॉक्टरांना मी आधीच सांगते, 'कान, दात, पोट बघा. बाकीचं मग बोलू.' काहींना राग येतो. परवा एकांनी विचारलं, 'डॉक्टर तुम्ही का मी?'

'तुम्हीच. पण तो सांगू शकत नाही, म्हणून मी सांगतेय.'

त्यांनी कपाळाला आठ्या घालत कानात बॅटरी मारली. उजव्या कानात मळाचा दगड झाला होता.